बर्फावरची डाक आणि कुत्र्यांची रसद

उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपास, म्हणजे अलास्कातील फेअरबँक्स, नॉर्वेतील ट्रॉम्सो किंवा फिनलंडमधील रोव्हानिएमी अशा गावी, हिवाळ्यात जाणाऱ्या प्रवाशांचा एक कार्यक्रम आता चांगलाच रूढ झाला आहे. सकाळी मुक्कामावरून मोटारीने निघावे, गावाबाहेर झाडीत वसलेली एखादी श्वानशाळा गाठावी, अंगावर तिथला जाड पोशाख चढवावा, तासभर हस्की कुत्र्यांच्या घसरगाडीतून बर्फाच्छादित रानात फिरावे, शेकोटीशी बसून काही गरम प्यावे आणि दिवस मावळायच्या आत परतावे. पुण्या-मुंबईकडून त्या मुलुखात हौसेने जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीतही या सहलीला जागा मिळू लागली आहे. घटकाभराची करमणूक म्हणून तिच्याकडे पाहणे स्वाभाविक असले, तरी ज्या गाडीत प्रवासी बसतो ती करमणुकीसाठी निर्माण झालेली नाही, आणि जे कुत्रे ती ओढतात त्यांची चाकरी मनुष्याच्या शेतीइतकीच जुनी आहे.

जुंपणीचा प्रसंग जवळून पाहिला म्हणजे या गोष्टीची पहिली जाणीव होते. गाडी एखाद्या खुंटाला दोराने जखडलेली असते आणि तिचा लोखंडी आकडा बर्फात खोल रुतवलेला असतो. तिच्या पुढे एक लांब मुख्य दोर पसरलेला, आणि त्या दोराच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीने कुत्रे जुंपले जातात. पाठीवरचा पट्टा दिसताच प्रत्येक कुत्रा उड्या मारू लागतो, भुंकतो, विव्हळतो, दोराला हिसके देतो, आणि त्या गदारोळात शेजारच्या माणसाचा शब्दही ऐकू येत नाही. पण सारथ्याने खुंटाची गाठ सोडली, आकडा उपटला आणि 'हाइक' असा इशारा दिला, की गाडी निघते आणि त्याच क्षणी सारा कोलाहल थांबतो. मग घसरपट्ट्यांची सळसळ आणि कुत्र्यांच्या श्वासोच्छ्वासाचा ताल एवढेच उरते. या गाडीला लगाम नसतो. उजवीकडे वळायला 'जी', डावीकडे वळायला 'हॉ', एवढ्या शब्दांवर पुढची म्होरकी जोडी वाट धरते, आणि गाडीलगतची दणकट जोडी वळणावर सारा भार पेलते.

अशी शिस्त एका माणसाच्या कल्पनेतून किंवा एका पिढीच्या हौसेतून उत्पन्न होत नाही. तिच्यामागे शिकार, दळणवळण, टपाल, वैद्यकीय साहाय्य अशा अनेक निकडींचा दीर्घ इतिहास उभा आहे; आणि त्या इतिहासाचा माग काढू लागले, की वारंवार एकाच प्रश्नापाशी यावे लागते. या कुत्र्यांच्या पोटाला घालत होते कोण? कारण गाडी लाकडाची आहे, दोर कातड्याचा आहे, बर्फ फुकटचा आहे. पण दहा-बारा कुत्री बारा महिने खातात, आणि ज्याला त्यांचे काम हवे असते त्यालाच त्यांच्या रसदेची तजवीज करावी लागते. श्वानशकटाचा उत्कर्ष आणि त्याचा अपकर्ष या दोहोंचे मर्म या एका प्रश्नात आहे, असे मला वाटते.

सैबेरियाच्या उत्तरेस, पूर्व सैबेरियन समुद्रात, ७६ अक्षांशांच्या आसपास झोखोव्ह नावाचे एक ओसाड बेट आहे. तेथे रशियन पुरातत्त्वज्ञ व्लादिमिर पितुल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात सुमारे नऊ-साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या वसतीचे अवशेष सापडले, आणि त्यांत घसरगाड्यांचे भाग व कुत्र्यांची हाडे होती. समुद्राची पातळी त्या काळी खाली असल्याने हा प्रदेश मुख्य भूमीच्या किनारी मैदानात मोडत असे. तेथील माणसे रानटी रेनडियर आणि पांढरी अस्वले मारून राहत. त्यांच्या हत्यारांत वापरलेली ज्वालामुखी काच सुमारे दीड हजार किलोमीटरवरून आलेली होती, यावरून त्यांच्या दळणवळणाचा पल्ला ध्यानात येतो. या बेटावरच्या एका कुत्र्याच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा आजच्या गाडी ओढणाऱ्या जाती, आणि त्यांतही विशेषतः ग्रीनलंडचे कुत्रे, त्या प्राचीन कुळाशी जवळचे नाते राखून असल्याचे दिसून आले. साडेनऊ हजार वर्षांपूर्वी आरंभलेला एखादा पशुपालनाचा व्यवसाय आपले मूळ रक्त राखून आजतागायत चालत यावा, ही गोष्ट विरळाच म्हटली पाहिजे.

तथापि बर्फ पडतो त्या प्रत्येक मुलुखात हा कुत्रा गाडीला जुंपला गेला, असे मात्र झाले नाही. कुत्रा मांसाहारी आहे. गवत किंवा शेवाळ खाऊन तो जगत नाही. त्यामुळे जेथे सील, वॉलरस, देवमासा किंवा नद्यांतील सामन मासा विपुल होता, तेथेच कुत्र्यांचे मोठे ताफे पोसणे माणसाला परवडले. सैबेरियाच्या टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांत हा भेद स्पष्ट दिसतो. त्यांतले सागरतीरी राहणारे लोक समुद्री प्राण्यांची शिकार करीत आणि कुत्रे जुंपत, तर आतल्या टुंड्रावर फिरणारे लोक रेनडियरचे कळप राखून त्यांनाच गाडीला लावीत. उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोकांचे परंपरागत वाहन रेनडियरच होते, कारण तो प्राणी बर्फ उकरून आपले खाद्य आपणच शोधतो आणि धन्याच्या कोठारावर भार टाकीत नाही. आज लॅपलंडमध्ये प्रवाशांसमोर हस्कींच्या ज्या गाड्या उभ्या राहतात, त्या तेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजल्या. त्यांचे पितृगृह बेरिंग समुद्राच्या दोन्ही काठांवर आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर आहे.

त्या काठांवर या विद्येने जी परिणती गाठली ती इन्युइट समाजाच्या हाती. सुमारे हजार वर्षांपूर्वी अलास्काच्या बाजूने निघालेले त्यांचे पूर्वज कुत्रे आणि घसरगाड्या घेऊन कॅनडाचा उत्तर किनारा ओलांडीत ग्रीनलंडपर्यंत पोहोचले. त्यांच्या गाडीच्या आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून कातड्याच्या वादीने बांधलेल्या असत, म्हणून उंचसखल समुद्रबर्फावरून जाताना ती मोडण्याऐवजी लवत असे. तीव्र थंडीत लोखंड कोरड्या बर्फावर नीट घसरत नाही. यासाठी हे लोक घसरपट्टीवर दलदलीतल्या कुजट मातीचा लगदा थापीत, तो गोठला की तासून गुळगुळीत करीत, आणि मग अस्वलाच्या कातड्याचा तुकडा पाण्यात भिजवून त्यावरून झरझर फिरवीत, की क्षणात बर्फाचा एक पातळ, काचेसारखा थर चढे. वाटेत तो थर तडकला तर पुन्हा हेच काम. जुंपणीतही प्रदेशानुरूप फरक होता. मोकळ्या समुद्रबर्फावर प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र दोर देऊन ते पंख्यासारखे पसरवीत, म्हणजे पातळ बर्फावर सर्वांचे वजन एके ठिकाणी पडत नसे. आणि अलास्काच्या अरण्यातील अरुंद वाटांवर मात्र एकापुढे एक अशा जोड्या लावाव्या लागत. ओढणे हे या कुत्र्याचे अर्धेच काम होते. सीलचे श्वासाचे छिद्र वासाने हुडकणे आणि अस्वलाला घेरून धरणे हेही तोच करी. अर्थात ज्या शिकारीतून त्याचे पोट भरे, त्या शिकारीत तोही वाटेकरी होता.

रसदेच्या या हिशेबाचे सर्वांत कठोर रूप दक्षिण ध्रुवाच्या स्वारीत जगापुढे आले. रोआल्ड आमुंडसेन याने १९०३ ते १९०५ या काळात कॅनडाच्या उत्तरेस नेत्सिलिक इन्युइटांच्या शेजारी राहून पोशाख, गाडी आणि कुत्रे यांची विद्या आत्मसात केली होती. १९ ऑक्टोबर १९११ रोजी तो चार सहकारी, चार गाड्या आणि ५२ ग्रीनलंडी कुत्रे घेऊन निघाला, १४ डिसेंबरला ध्रुवावर पोहोचला, आणि २५ जानेवारी १९१२ला तळावर परतला तेव्हा त्याच्याबरोबर ११ कुत्रे होते. उरलेल्यांपैकी बहुतेक वाटेत मारून इतर कुत्र्यांना व माणसांना खाऊ घातले गेले, आणि ही योजना त्याने निघण्यापूर्वीच कागदावर मांडली होती. प्रतिस्पर्धी रॉबर्ट स्कॉट याने तट्टांवर भिस्त ठेवली. तट्टांचा चारा वाहून न्यावा लागे आणि त्यांना आरंभीची थंडी सोसत नसे, म्हणून त्याला निघायलाच नोव्हेंबर उजाडला. स्कॉटच्या मोहिमेला दुसऱ्या वर्षी हिंदुस्थान सरकारने सात हिमालयी खेचरे पुरवली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लाल खान, गुलाब, बेगम अशा नावांची ती खेचरे १९१२च्या नोव्हेंबरात स्कॉटचा तंबू शोधणाऱ्या तुकडीबरोबर होती. आमुंडसेनाचे यश निर्विवाद आहे. परंतु ज्या कुत्र्यांनी ते मिळवून दिले त्यांच्या मरणाचे मोल त्यात धरल्यावाचून त्याचा हिशेब पुरा होत नाही.

ध्रुवावरच्या झेंड्यांपेक्षा मला अधिक मोलाची वाटते ती अलास्कातील नित्याची डाक. १८९८ साली नोमजवळच्या ओढ्यात सोने सापडले आणि दोन वर्षांत हजारो माणसे त्या उघड्या किनाऱ्यावर उतरली. बेरिंग समुद्र गोठला म्हणजे शरद ऋतूपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत नोमला जहाज लागत नसे, आणि त्या काळात बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणारी एकच व्यवस्था होती : कुत्र्यांची गाडी. १९०८ साली अलास्काच्या रस्ते आयोगाने वॉल्टर गुडविन याला सीवर्ड ते नोम या वाटेची पाहणी करण्यास पाठवले आणि पुढे ती वाट आखली गेली. टपाल खाते कंत्राटे देई, कंत्राटदार सारथी नेमी, आणि वाटेवर साधारण एकेका दिवसाच्या मजलेवर सरायांसारखी विश्रामगृहे उभी राहिली, जेथे सारथ्याला गरम जेवण आणि कुत्र्यांना वाळलेले मासे मिळत. आपल्याकडे डाकहरकारे टप्प्याटप्प्याने थैली एकमेकांच्या खांद्यावर देत मुलुखामुलुखातून नेत, त्याच जातीची ही व्यवस्था होती; हरकाऱ्याच्या घुंगरांप्रमाणे येथेही डाकेच्या गाडीला वाट मोकळी करून देण्याचा रिवाज होता, आणि विश्रामगृहात शेगडीलगतची जागा डाकवाल्याची असे.

ही डाक युकॉन आणि तानाना या नद्यांतील माशांवर चाले. उन्हाळ्यात सामन माशांचे थवे समुद्रातून नदीत चढू लागले, की काठावर राहणारी अथाबास्कन कुटुंबे ते पकडीत, चिरीत आणि मांडवावर टांगून धुरात व वाऱ्यात वाळवीत. प्रवाहाच्या जोराने फिरणारी आणि टोपल्यांत मासे आपोआप उचलणारी पाणचक्रे विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे प्रचारात आल्यावर ही बेगमी कितीतरी वाढली. वाळलेला मासा हलका असतो, नासत नाही आणि कुत्र्याला त्यातून चरबीही मिळते. डाकेच्या कंत्राटातील पैशांचा मोठा भाग अशा रीतीने नदीकाठच्या मत्स्यमांडवांत पोहोचत असे. आणि पुढे जेव्हा संकटाचा प्रसंग ओढवला, तेव्हा त्याच काठावरचे तरुण सारथी व त्यांचेच कुत्रे कामी आले.

नोमच्या खाणवाल्यांनी १९०८ साली ४०८ मैलांची एक शर्यत सुरू केली. दुसऱ्याच वर्षी एका रशियन व्यापाऱ्याने सैबेरियातून चुकची लोकांचे कुत्रे आणले, तेव्हा त्यांच्या लहान चणीकडे पाहून नोमकरांना त्यांच्याविषयी फारशी आशा वाटली नाही. १९१० साली फॉक्स मॉल रॅमसे याने सैबेरियातून आणलेल्या कुत्र्यांच्या बळावर जॉन जॉन्सन याने ती शर्यत ७४ तासांच्या आसपास जिंकली, आणि लहान चणीच्या पण चिवट दमाच्या या जातीची योग्यता सिद्ध झाली. नॉर्वेहून १९०० साली खाणकामासाठी आलेला लेओनहार्ड सेपाला हा त्या जातीचा सर्वांत निष्णात सारथी निघाला. १९१५, १९१६ आणि १९१७ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने शर्यत जिंकली. सैबेरियन हस्की या नावाने ज्या जातीला १९३० साली अमेरिकेच्या श्वानसंस्थेची मान्यता मिळाली, ती जात चुकची कुटुंबांनी अनेक शतके निगुतीने जोपासलेली होती.

१९२५ सालच्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ उद्भवली. गावातले एकमेव डॉक्टर कर्टिस वेल्च यांच्यापाशी असलेली प्रतिविषाची लस जुनी होऊन निरुपयोगी झाली होती, आणि आजूबाजूच्या मूलनिवासी वस्त्या १९१८-१९च्या इन्फ्लुएन्झात आधीच उद्ध्वस्त झाल्या होत्या. २२ जानेवारीला तारेने मदतीची याचना गेली. अँकरेजच्या रेल्वे रुग्णालयात तीन लक्ष एककांची लस सापडली. ती आगगाडीने नेनाना स्थानकापर्यंत आली, परंतु तेथून नोम ६७४ मैल दूर. विमानाने ती न्यावी असा आग्रह वृत्तपत्रांनी आणि काही अधिकाऱ्यांनी धरला होता, पण उपलब्ध विमाने उघड्या बैठकीची होती, हिवाळ्यासाठी त्यांचे भाग सुटे करून ठेवले होते, आणि शून्याखाली ४५ अंशांच्या थंडीत ती उडतील याची शाश्वती कोणी देऊ शकत नव्हते. गव्हर्नर स्कॉट बोन यांनी विमानाचा पर्याय बाजूला सारून डाकेच्या वाटेवरील सारथ्यांना टप्प्याटप्प्यावर सज्ज राहण्याचा हुकूम दिला. एरवी ज्या वाटेला डाकेला सुमारे २५ दिवस लागत, ती वाट वीस सारथ्यांनी साडेपाच दिवसांत पुरी केली.

या साडेपाच दिवसांतील प्रत्येक टप्प्याला स्वतःची कथा आहे. २७ जानेवारीच्या रात्री पहिला सारथी विल्यम शॅनन नऊ कुत्र्यांसह नेनानाहून निघाला. पुढच्या मुक्कामी पोहोचला तेव्हा त्याचा चेहरा हिमदंशाने काळवंडला होता. चार्ली एव्हान्स या अथाबास्कन तरुणाचे दोन म्होरके वाटेत थंडीने गारठून निकामी झाले, तेव्हा त्याने त्यांना गाडीत घेतले, त्यांच्या जागी स्वतःच्या अंगावर दोर चढवला आणि उरलेल्या कुत्र्यांबरोबर तो गाडी ओढीत नुलाटोला पोहोचला. सेपाला नोमहून उलट दिशेने सुमारे १७० मैल येऊन शाक्टूलिकनजीक लस घेतो काय, आणि वादळाच्या तोंडावर गोठलेल्या नॉर्टन उपसागरावरून, बर्फ कोणत्या क्षणी फुटेल याची खात्री नसताना, परत फिरतो काय! लस घेतल्यावरचा त्याचा टप्पा ९१ मैलांचा होता, इतर कोणाहीपेक्षा कितीतरी मोठा. आणि त्याचा म्होरक्या टोगो त्या वेळी बारा वर्षांचा होता. शेवटच्या टप्प्यावर गुन्नार कासेन याची गाडी वाऱ्याने उलथली आणि लसीचे गाठोडे बर्फात फेकले गेले. अंधारात उघड्या हातांनी चाचपडून त्याने ते शोधले, आणि २ फेब्रुवारीच्या पहाटे साडेपाचला तो नोममध्ये दाखल झाला. घोड्याच्या रक्तरसापासून तयार होणारे ते औषध कुत्र्यांच्या पायांनी गावात आले, आणि साथ आटोक्यात आली.

लोकस्मृतीने या सर्वांमधून एकच नाव उचलले. कासेनच्या गाडीचा म्होरक्या बाल्टो याचा पुतळा त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. टोगोला आपल्या धन्यासह सर्वांत अवघड वाट तुडवूनही त्या शहरात पुतळा मिळायला २००१ साल उजाडावे लागले. सन्मान मिळालेल्या बाल्टोचेही पुढे हालच झाले : गावोगावच्या प्रदर्शनांत तो दाखवला जाऊ लागला, आणि लॉस एंजेलिसच्या एका हलक्या दर्जाच्या खेळघरातून क्लीव्हलँड शहरातील मुलांनी व नागरिकांनी १९२७ साली वर्गणी काढून त्याला सोडवले. पण माझ्या मते याहून मोठी उणीव वेगळी आहे. त्या वीस सारथ्यांपैकी बहुसंख्य अथाबास्कन आणि इन्युपियाक समाजातले होते, त्यांतले अनेक नेहमी डाक वाहणारे होते, आणि त्यांची नावे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच आली. त्यांच्यातील अखेरचे हयात सारथी एडगर नोलनर हे १९९९ साली निवर्तले. एका रात्रीच्या पराक्रमामागे कित्येक वर्षांची नित्याची चाकरी, वाटेवरचे टप्पे, काठावरचे मासे आणि माणसांचा परस्परविश्वास असतो, हे त्या नोमच्या प्रसंगाने खरे तर दाखवून दिले होते.

योगायोग असा, की ज्या दिवशी कासेन नोममध्ये पोहोचला त्याच दिवशी, २ फेब्रुवारी १९२५ रोजी, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी हवाई टपालाची कंत्राटे खासगी कंपन्यांना देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. डाकेचे कंत्राट विमानाकडे वळू लागले तशी वाटेवरची विश्रामगृहे ओस पडली, आणि कुत्रे पोसण्याचे मोठे कारण संपले. अलास्कातील शेवटची नियमित श्वानडाक सेंट लॉरेन्स बेटावर १९६३पर्यंत चालली. त्या सुमारास बर्फावर धावणाऱ्या यांत्रिक गाड्या गावोगाव येऊ लागल्या होत्या. आणि यंत्राचा सर्वांत मोठा गुण हा, की काम नसते त्या उन्हाळ्यात त्याला काही खावे लागत नाही. दहा वर्षांच्या आत अनेक गावांतून कुत्र्यांचे ताफे दिसेनासे झाले.

कॅनडाच्या उत्तरेत हा ऱ्हास केवळ यंत्राने घडवला नाही. १९५०नंतरच्या दोन-तीन दशकांत सरकारी धोरणाने इन्युइट कुटुंबांना विखुरलेल्या शिकारी तळांवरून वसाहतींत आणले. तेथे मोकळे फिरणारे कुत्रे बेकायदा ठरले आणि पोलिसांनी व अधिकाऱ्यांनी ते मोठ्या संख्येने गोळ्या घालून मारले. कुत्रा गेला म्हणजे शिकारीला जाण्याचे साधन गेले, आणि शिकार गेली म्हणजे घरचा पुरुष सरकारी मदतीच्या दारात उभा राहिला. किकिक्तानी सत्यशोधन आयोगाने वृद्धांच्या साक्षी नोंदवून २०१०च्या सुमारास या घटनांचे सविस्तर दप्तर तयार केले, आणि कॅनडा सरकारने किकिक्तानी इन्युइटांची २०१९ साली व पुढे क्वेबेकच्या उत्तरेकडील नुनाविकमधील जनतेची २०२४ साली जाहीर माफी मागितली. श्वानशकटाच्या कथेत शौर्याची पाने आहेत तशी ही पानेही आहेत, आणि ती वगळून सांगितलेला इतिहास अप्रामाणिक होईल.

ही विद्या सर्वस्वी लुप्त झाली नाही याचे श्रेय मूठभर हट्टी माणसांना आहे. जो रेडिंग्टन हा गृहस्थ १९४८ साली अलास्कात आला आणि पडलेल्या लष्करी विमानांचे अवशेष कुत्र्यांच्या गाडीने गोळा करून आणण्याचे काम त्याने केले. गावांतून कुत्रे नाहीसे होताना पाहून त्याने जुन्या डाकेच्या वाटेवर शर्यत भरवण्याचा ध्यास घेतला; डोरोथी पेज या इतिहासप्रेमी बाईंनी १९६७ साली त्या वाटेच्या स्मरणार्थ एक छोटी शर्यत घडवून आणण्यात पुढाकार घेतला होताच. ३ मार्च १९७३ रोजी अँकरेजहून ३४ ताफे नोमच्या दिशेने निघाले. पहिला विजेता डिक विल्मार्थ वीस दिवसांनी पोहोचला; आता तीच वाट नऊ-दहा दिवसांत संपते. १९८५ साली लिबी रिडल्स ही स्त्री वादळात एकटी पुढे निघून ती शर्यत जिंकली. बक्षिसाच्या रकमेने आणि लोकांच्या कौतुकाने कुत्रे पुन्हा पोसले जाऊ लागले. ग्रीनलंडमध्ये दुसरा मार्ग पत्करला गेला : ध्रुववृत्ताच्या उत्तरेस आणि पूर्व किनाऱ्यावर तेथील मूळ जातीखेरीज अन्य कुत्रा नेण्यास कायद्याने बंदी आहे. तरीही गेल्या काही दशकांत तेथील गाडीच्या कुत्र्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आली आहे.

आजची संकटे निराळ्या वाटेने येतात. पुरेसा बर्फ नसल्याने २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ या वर्षांत अलास्कातील त्या शर्यतीचा आरंभ उत्तरेकडे फेअरबँक्सला हलवावा लागला. युकॉन नदीतील सामन इतका घटला, की काठावरच्या लोकांना स्वतःच्या निर्वाहापुरतीही मासेमारी अनेक मोसमांत बंद ठेवावी लागली, आणि २०२४ साली अलास्का व कॅनडा यांनी तेथील राजसामन सात वर्षे न पकडण्याचा करार केला. ज्या माशावर डाक चालली, ज्या माशावर नोमला औषध पोहोचले, तोच आता मांडवावर दिसत नाही. आणि कुत्र्यांसाठी दुरून विकत आणलेल्या खाद्याची पोती नदीकाठच्या घरांना परवडत नाहीत.

अशा काळात कुत्र्यांच्या रसदेचा भार पुष्कळ ठिकाणी एका नव्या धन्यावर येऊन पडला आहे, आणि तो धनी म्हणजे एक दिवसाच्या सहलीला आलेला प्रवासी. एके काळी टपाल खात्याचे कंत्राट जे करीत असे, ते आज पाहुण्याने मोजलेले शुल्क करते : त्यातून मांस येते, पट्टे आणि पायमोजे येतात, पशुवैद्य येतो, आणि काम नसलेले उन्हाळ्याचे महिने निघतात. टपाल खात्याला आपल्या गाड्यांची जबाबदारी होती. तशी ती या प्रवाशालाही आहे. ज्या श्वानशाळेत तो जातो तेथे कुत्र्यांना दिवसातून किती फेऱ्या कराव्या लागतात, ते साखळीला किती वेळ बांधलेले असतात, उन्हाळ्यात त्यांना मोकळे धावायला मिळते की नाही, आणि म्हातारपणी किंवा जायबंदी झाल्यावर त्यांचे काय होते, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे, आणि विचारणे हे त्याचे कर्तव्य आहे. जे सारथी या कामावर प्रेम करतात ते अशा प्रश्नांनी दुखावत नाहीत. एकेका कुत्र्याचे नाव, त्याची आई, त्याची खोड आणि त्याची आवडती जागा ते तासन्‌तास सांगत बसतात, आणि त्यांचे ते सांगणे ऐकणे हा सहलीतला सर्वांत मोलाचा भाग ठरतो.

म्हणून ज्यांना त्या मुलुखात जाण्याचा योग येईल, त्यांनी अवश्य जावे आणि त्या गाडीत बसावे. ज्या वाटेवरून ते जातील तिचा इतिहास आधी वाचून जावे, तेथील मूलनिवासी सारथी चालवीत असतील अशी श्वानशाळा सापडली तर तिला प्राधान्य द्यावे, आणि चांगली देखभाल करणाऱ्याला चार पैसे अधिक द्यावेत. साडेनऊ हजार वर्षे हा कुत्रा मनुष्याबरोबर टिकला तो प्रत्येक पिढीत कोणाला तरी त्याची गरज होती म्हणून. शिकाऱ्याची गरज सरली, डाकेची सरली. आता ज्या माणसाला त्याच्या धावण्याचा आनंद हवा आहे, त्या माणसानेच त्याच्या पोटाची आणि सुखाची हमी घेतली पाहिजे.